एका दिवसाचा खाडा

सरकारी कचेरीत 32 वर्षे नोकरी केली, पण खाडा म्हणून क्वचितच केला. हजेरीपटावरील सह्यांची अखंड रांग पाहण्यात मला एक प्रकारचे समाधान वाटे. निवृत्त झाल्यावर, 1996 च्या जानेवारीअखेर, एका जुन्या सहकाऱ्यासह पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने निघालो, तेव्हा हा हजेरीपटही मी बहुधा वळकटीबरोबर कॅरिअरवर बांधून घेतला असावा. रोज किमान 90 किलोमीटर, असा माझा नेम होता. वहीत तारीख, गाव आणि किलोमीटर असे तीन रकाने आखले होते. संध्याकाळी कुठल्याशा धर्मशाळेत पाय पसरण्याआधी तिसरा रकाना भरल्याखेरीज मला चैन पडत नसे.

बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर अशी गावे मागे पडली. बंगळूरला मुलीकडे दोन दिवस राहायचे ठरले होते. मी एका रात्रीतच तेथून निघालो. कारण किरकोळ होते आणि किरकोळ नव्हतेही. सात वर्षांचा नातू माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होता. जेवताना मी मुलीला म्हटले, ‘‘एवढीही मराठी तुला त्याला देता आली नाही?’’ ती काही बोलली नाही. ताटातला भात चिवडत राहिली. पहाटे तिने दारात पाण्याची बाटली भरून हातात दिली. मी ती घेतली आणि मागे न पाहता पायडल मारले. होसूरचा रस्ता मी त्या दिवशी रागाने कापला. सेलमच्या अलीकडे उजवा गुडघा दुखू लागला, त्याचे मूळ मी रस्त्यात शोधत होतो.

तिरुचिरापल्लीहून मदुरेचा सरळ रस्ता सोडून मित्राने तंजावरचा हट्ट धरला. पंचावन्नेक किलोमीटरचे हे आडवळण मला मान्य नव्हते. चौदाव्या दिवशी संध्याकाळी तंजावरला पोहोचलो, तेव्हा साडेबाराशे किलोमीटर झाले होते आणि गुडघा नारळासारखा सुजला होता. लॉजच्या जिन्यावर मला कठडा धरावा लागला. मित्राने ते पाहिले.

‘‘उद्या मुक्काम,’’ तो म्हणाला.

‘‘खाडा होईल.’’

‘‘अरे, बैलालासुद्धा वर्षातून एक पोळा असतो. पालख्यादेखील पुण्यात दोन रात्री थांबतात. तू काय माउलींपेक्षा मोठा वारकरी लागून गेलास?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने साडेचारला जाग आली. कपडे धुऊन झाले, दोरीवर वाळत पडले. त्यानंतर करण्यासारखे काही नव्हते. लॉजच्या मागच्या अंगणात मित्राने दोन्ही सायकली उलट्या करून ठेवल्या. डब्याच्या झाकणात रॉकेल घेऊन जुन्या दातघासणीने तो चेन धूत होता. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, त्यावेळी माझ्या वडिलांचा हात असाच सावकाश चाले. मागच्या चाकावर ओझे जास्त, म्हणून मागचा टायर अधिक झिजतो. तो त्याने पुढे घातला आणि पुढचा मागे. शेवटी माझ्या सीटची नळी पान्याने सैल करून ती बोटभर वर केली. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा भार त्याच्या वाटीवर येतो. ‘‘सेलमपासून पाहतोय,’’ तो म्हणाला, ‘‘पण तू थांबशील तर ना!’’ चालत्या सायकलीवर सीट वर करता येत नाही, ही साधी गोष्ट मला त्या अंगणात उमगली.

दुपारी तो सरस्वती महाल ग्रंथालयात गेला. मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे पाहण्याची त्याची जुनी इच्छा होती. मी लंगडत बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या त्या देवळाचे विमान मान मागे टाकूनही नजरेत मावत नाही. सावली पाहून मी ओवरीत शिरलो, आणि भिंतीकडे लक्ष जाताच थबकलो. दगडावर ओळीमागून ओळी कोरलेल्या होत्या, आणि त्या मराठी होत्या.

दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा हा इतिहास आहे, हे पुस्तकातून ठाऊक होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे सतराव्या शतकात येथे आले. 1855 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. पण ठाऊक असणे वेगळे आणि कित्येक दिवस परभाषेतल्या पाट्यांखालून सायकल हाकल्यावर अचानक आपली अक्षरे समोर येणे वेगळे. मी एक ओळ अडखळत मोठ्याने वाचू लागलो.

मागे कोणीतरी उभे होते. पांढऱ्या वेष्टीतले सत्तरीचे गृहस्थ, आणि त्यांचे बोट धरलेली आठेक वर्षांची मुलगी. ते बोलू लागले. शब्द मराठी होते, हेल तमिळ होता, आणि काही रूपे अशी, की ती मी माझ्या आजीच्या तोंडी शेवटची ऐकली होती. मला अर्धे समजले, उरलेले त्यांनी हातवारे करून पोहोचवले. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या येथेच होते. घरात हीच भाषा बोलत. शाळा मात्र सगळी तमिळमधून झाली, त्यामुळे ही अक्षरे त्यांना नीट वाचता येत नव्हती. मी पुन्हा वाचावे, असे त्यांनी विनवले. मी वाचत गेलो, ते मान डोलावत राहिले. मी अडलो की मुलगी हसे.

ते तिच्याशी मराठीत बोलत आणि ती तमिळमध्ये उत्तर देई. दोघांनाही त्याचे काही वाटत नसावे. मला राहवले नाही. विचारले, ‘‘ही तुमच्या भाषेत बोलत नाही, याचे तुम्हाला वाईट नाही वाटत?’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचे उत्तर माझ्या मराठीत सांगायचे तर असे होते : वाईट वाटते. पण तिला माझा राग आला, की ती मराठीतच भांडते. म्हणून मी तिला अधूनमधून राग आणतो.

आणि ते मनापासून हसले. मला हसता आले नाही. मी बंगळूरला राग आणला होता तो नातवाला नव्हे, मुलीला. आणि ती मुळी भांडलीच नव्हती.

संध्याकाळी देवळाबाहेरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरलो. मुलीने फोन उचलला. मी गुडघ्याविषयी बोललो. बाटलीविषयी बोलायचे होते, ते जमले नाही. ‘‘तुझी बाटली फार उपयोगी पडते,’’ एवढेच म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तिने फोन नातवाकडे दिला. त्याने इंग्रजीत विचारले, किती किलोमीटर झाले?

‘‘साडेबाराशे.’’

साडेबाराशे म्हणजे काय, हे त्याने इंग्रजीतच विचारले. आठवडाभरापूर्वी या प्रश्नाने माझे पित्त खवळले असते. समोरच्या यंत्रावर पैशांचे आकडे पुढे सरकत होते. मी त्याला सांगितले, बाराशे, आणि त्यावर आणखी अर्धे शंभर. मग साडेतीन, साडेसात, साडेदहा. त्याने मध्येच विचारले, ‘‘साडेएक?’’ मी म्हणालो, नाही, त्याला दीड म्हणतात. हे असे का, ते मात्र मला सांगता आले नाही. तो हसला, मीही हसलो.

रात्री वही उघडली. तारीख लिहिली, गाव लिहिले. तिसऱ्या रकान्यात शून्य लिहायला हात धजेना. तो तसाच मोकळा सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, तेव्हा सीट उंच वाटत होती. तासाभराने तिची सवय झाली. पुढे कन्याकुमारीला पोहोचलो, तोही रकाना भरला.

ती वही अजून जपून ठेवली आहे. नातू आता स्वतः बाप झाला आहे आणि अजूनही बहुधा इंग्रजीतच बोलतो. पण साडेबाराशे म्हणजे किती, हे त्याला विचारावे लागत नाही.