मोटारीचें निदान

आमच्या तीर्थरूपांनीं १९७४ सालीं घेतलेली एक मोटार अद्याप आमच्या वाईच्या घरीं आहे. मुलांनीं पुढें नवी गाडी आणली. परंतु मातोश्रींना पांचगणीस आमच्या भगिनीकडे जावयाचें झालें म्हणजे हीच गाडी लागते. त्यांचें वय ८६. नव्या गाडींत त्यांना बसल्यासारखें वाटत नाहीं!

गतवर्षीं उन्हाळ्यांत या मोटारीस एक विकार जडला. गांवांतल्या गांवांत ती नीट चाले. पण पसरणीचा घाट अर्धा चढतांच तिचें बळ सरे. पाय दाबावा तों ती ओढीना. आचके देई आणि बंद पडे. थोडा वेळ थांबलें कीं पुन्हा सुरू. आमच्या नेहमींच्या मिस्त्रींनीं कार्ब्युरेटर साफ केला, कॉइल बदलली, पंपाचा डायफ्रॅम नवा घातला. गुण नाहीं. तिसऱ्या खेपेस मातोश्रींना भर दुपारीं घाटांतल्या दगडावर बसून राहावें लागलें. परत येतांच आम्हीं मिस्त्रींना त्यांच्या दोन शिकाऊ पोरांदेखत म्हटलें, "पैसे घेतां आणि काम करीत नाहीं, हें बरें नव्हे." ते खालीं मान घालून उभे राहिले. आम्ही बिल न देतांच निघून आलों.

"आतां विकून टाकूं या," असें चिरंजीव म्हणाले. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. त्या रात्रीं माधवनिदानांतील रोगज्ञानाचीं पांच साधनें आठवलीं : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. लक्षणांवरून रोग ठरत नसेल, तर कशानें आराम पडतो तें पाहून तो ओळखावा, हा उपशय. मनांत आलें, मोटारीस हें लावून कां पाहूं नये?

ठिणगी बिघडली तर इंजिन बहुधा फुंकर मारलेल्या दिव्यासारखें एकदम जातें. आमचें तर हळूहळू धापा टाकीत बंद पडे. म्हणजे ही पेट्रोलची उपासमार. आमची नात म्हणाली, "आजोबा, टाकी भरली त्या दिवशीं ती लवकर बंद पडते." हें तिनें बरोबर हेरलें होतें.

दुसऱ्या दिवशीं घाटांत गाडी बंद पडतांच आम्हीं टाकीचें झांकण फिरविलें. सूंकन् वारा आंत शिरला! गाडी लागलीच सुरू झाली. झांकण घट्ट लावून चढलों, तर पुन्हा तोच आचका; उघडून लावलें, कीं पुन्हा जीव. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला.

वाचकहो, टाकींतून जेवढें पेट्रोल जातें, तेवढी हवा आंत यावी लागते. या जुन्या बनावटींत तिची वाट झांकणांतल्या बारीक छिद्रांतून असते. ती नसेल तर टाकींत निर्वात होतो आणि पंपास पेट्रोल ओढवत नाहीं. टाकी भरलेली असली, तर आंत हवा थोडी, म्हणून हें लवकर होतें. थांबलें असतां फटींतून हवा झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते.

आमच्या झांकणास छिद्रच नव्हतें. मूळचें झांकण फाल्गुनांत हरवलें, तेव्हां "तेंच तें" म्हणून बाजारांतून स्वस्तांत दुसरें आणलें, तें आम्हींच! मिस्त्रींना हें सांगितलेंही नव्हतें.

घरीं येऊन सर्व हकीकत सांगितली. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "त्याला बोललास तेव्हां तीं पोरें होतीं ना? मग आतांही त्यांच्यासमोरच सांग."

सायंकाळीं गेलों. दोन्हीं पोरांना जवळ बोलावून म्हटलें, "चूक आमची होती. मिस्त्रींचें काम चोख होतें." मिस्त्री ओशाळून म्हणाले, "गुरुजी, झांकण मीही पाहायला हवें होतें." मग त्यांनीं छिद्राचें झांकण शोधून बसविलें. मागील बिलासह पैसे चुकते केले.

मोटारीचा दोष सांपडण्यास एक दिवस लागला. आमचा सांपडण्यास मातोश्री लागल्या.