शिवाजी पेठेहून मिरजेस

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यातून पलीकडे उतरून जाण्याची वाट, असा आहे. नदीचा उतार म्हणजे तीर्थ. पुढे त्या उताराकाठी देवळे झाली आणि देवळांसच आपण तीर्थ म्हणू लागलो. हा मूळ अर्थ ध्यानात ठेविला म्हणजे एखाद्या गवयाच्या समाधीसही तीर्थ म्हणण्यास हरकत राहत नाही. कारण स्वर हाही एक उतारच आहे. आम्हां कोल्हापूरकरांस ज्योतिबा, नृसिंहवाडी आणि पंढरपूर ही क्षेत्रे घरच्यासारखी आहेत. परंतु अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मिरजेस जे एक स्थान आहे, तेथे आमच्यापैकी फार थोडी मंडळी मुद्दाम जातात. ते स्थान म्हणजे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा, व त्याच्या आवारात चिरविश्रांती घेत असलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

दर्ग्याचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. तथापि आम्ही राहतो त्या शिवाजी पेठेत वाढलेल्या मनुष्यास त्यात नवल वाटत नाही. आमची पेठ तालमींची. एका बाजूस रंकाळा, दुसऱ्या बाजूस अंबाबाईच्या देवळाकडे जाणारे रस्ते, आणि मध्ये लाल मातीचा वास. गणेशोत्सव व मोहरम जेव्हा एका पंधरवड्यात येतात, तेव्हा कोल्हापुरातील कित्येक तालमींत गणपती आणि पंजा एकाच छपराखाली बसलेले दिसतात. देवीच्या देवळापासून जवळच बाबूजमालांचा दर्गा आहे, व त्याच्या प्रवेशद्वारावर गणेशमूर्ती कोरलेली आहे. आत जाणारा मुसलमान व बाहेरून जाणारा हिंदू, दोघेही तिच्यापुढून जातात व कोणास त्याचे काही वाटत नाही.

संगीताच्या बाबतीतही या नगरीचे मन असेच मोकळे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांस दरबारचे गवई नेमिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचाही कोल्हापुराशी संबंध आला होता. पुढे सुरश्री म्हणून गाजलेल्या केसरबाई केरकर वयाच्या आठव्या वर्षी गोव्याहून कोल्हापुरास आल्या, व त्यांनी सुमारे आठ महिने तालीम घेतली ती याच खाँसाहेबांपाशी. केसरबाईंचा जन्म १८९२ चा, तेव्हा ही हकीकत गेल्या शतकाच्या अगदी आरंभीची होय.

कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतच. रुकडी, हातकणंगले, शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्याच्या नावे वसविलेले जयसिंगपूर, ही स्थानके मागे पडतात, उसाचे मळे संपत नाहीत, आणि कृष्णेचे विस्तीर्ण पात्र ओलांडले की मिरज आलेच.

मिरजेत प्रथम सतारमेकर गल्लीत जावे, अशी आमची शिफारस आहे. येथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार व पाणी देणारे. तलवारींचे दिवस संपले तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंढरपूर व मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणून वाळवितात, पोटातला गीर काढून टाकितात, त्यांस लाकडी गळा व दांडी जोडितात, मग नक्षी व रोगण. पण खरी परीक्षा शेवटी. तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग कानसेने केसाकेसाने घासून ‘जवारी’ काढावी लागते. ती साधली म्हणजे एका तारेतून स्वरांचा झोत उठतो, आणि बिघडली म्हणजे सोन्याची नक्षीही व्यर्थ. खाँसाहेबांस वाद्ये स्वतः दुरुस्त करण्याचा नाद होता व या कारागिरांशी त्यांचा घरोबा होता. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या यशात या जुन्या स्नेहाचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेकडील कैराना गावचा. त्यावरूनच ‘किराना’ हे घराण्याचे नाव. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांजपाशी त्यांचे शिक्षण झाले. घराण्यात सारंगी व बीन यांची विद्या होती. म्हणूनच की काय, त्यांच्या गळ्यात तंतुवाद्याचा अखंडपणा आला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी राहिले, तेथून मुंबईस आले व अखेर मिरजेस स्थिरावले. मिरजेत असता त्यांस प्लेगने गाठिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर त्यांस आराम पडला, आणि तेव्हापासून दर उरुसास तेथे गाण्याचा त्यांनी नेम धरिला, असे सांगतात. आवारातील चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात. समोर राजा नाही, बिदागी नाही. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांपुढेही ते अशाच भावाने गाइले.

येथे एक शंका उत्पन्न होते. इस्लामात संगीतास स्थान आहे काय? त्यांच्या धर्मशास्त्र्यांत याविषयी मतभेद आहेत. तथापि सूफी संतांच्या चिश्ती परंपरेने ‘समा’ म्हणजे भक्तिगानश्रवण हे ईश्वरप्राप्तीचे साधन मानिले. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया व त्यांचे शिष्य अमीर खुसरो (मृत्यू १३२५) यांच्यापासून हा ओघ वाहत आला आहे. आपल्याकडे नारदांच्या भक्तिसूत्रांपासून वारकऱ्यांच्या टाळमृदंगापर्यंत हेच तत्त्व आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर दोन्ही प्रवाहांत न्हाले व ‘योगसंग्राम’ मराठीत लिहून गेले. खाँसाहेब कृष्णलीलेची ठुमरी ज्या आर्ततेने म्हणत, त्याच आर्ततेने पीरापुढे बसत. त्यांत त्यांस दोन देव दिसले नाहीत.

आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकास त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. भरताच्या नाट्यशास्त्रात व देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिल्या गेलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या प्रत्यक्ष गळ्यात आहेत की केवळ पोथीत, हा वाद जुना. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या विषयावर संशोधन केले, क्लेमेंट्स नामक इंग्रज न्यायाधीशाने त्यास हातभार लाविला, आणि त्या श्रुती गाऊन दाखविण्याचे काम केले अब्दुल करीम खाँनी. शास्त्र आमचे, गळा त्यांचा. पुण्यास १९१३ साली त्यांनी ‘आर्य संगीत विद्यालय’ चालविले. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे त्यांचे पट्टशिष्य. मैसूरच्या दरबारी त्यांचा मान होता, व कर्नाटकी पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणिली. झिंजोटी व भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही घरोघर ऐकू येतात.

मागील उरुसाच्या वेळी आमच्या घरी या विषयावरून थोडा वाद माजला, तो येथे सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाही. आमची थोरली नात गाणे शिकते. तिला मिरजेची संगीतसभा ऐकावयाची होती. आमच्या थोरल्या वहिनींनी साफ नकार दिला. “देवळात काय गाणे होत नाही? रात्रभर दर्ग्यात पोरीचे काय काम?” असा त्यांचा प्रश्न. आता या वहिनी हिराबाई बडोदेकरांच्या निस्सीम भक्त. सकाळी हिराबाईंचे पद ऐकल्याविना त्यांची पूजा पुरी होत नाही. नातीने नम्रपणे विचारिले, “आजी, हिराबाई ज्यांच्या कन्या, त्यांच्याच पायांशी जावयाचे आहे. मग अडचण कोठे आली?”

आम्हांस वाटले, वाद मिटला. पण वहिनी निरुत्तर होणाऱ्यांपैकी नव्हेत. त्या म्हणाल्या, “कन्या खरी. पण वाढविली कोणी, तेही सांग की!”

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. बडोद्याच्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांनी खाँसाहेबांसाठी माहेर सोडिले. त्यांस पाच अपत्ये झाली. पुढे १९२० च्या सुमारास ताराबाई मुलांस घेऊन विभक्त झाल्या. मुलांची नावे बदलली, आडनाव बदलले. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या, धाकट्या बहिणीचे नाव सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्धीस आले. स्त्रियांनी तिकीट लावून जाहीर मैफल करणे ज्या काळी असभ्य मानिले जाई, त्या काळी हिराबाईंनी ते सभ्य करून दाखविले, व १९७० साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. या सर्वांमागे ताराबाईंची जिद्द उभी आहे. ज्याच्या स्वरात शांती होती त्याच्या संसारात ती टिकली नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्यात खाँसाहेबांचा गौरव नाही, आणि सांगितल्याने त्यांचा स्वर कोठे उणा पडत नाही.

अखेर वहिनींनी संमती दिली, मात्र स्वतः बरोबर येण्याच्या अटीवर.

त्या रात्री चिंच भुईवर सावली धरून उभी होती. खाली बसलेल्यांत शेतकरी होते, वकील होते, बुरखा घेतलेल्या बाया होत्या, आणि नऊवारीतल्या आमच्या वहिनीही होत्या. या उरुसात पहिला गलेफ चढविण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे, हे ऐकून त्यांस आश्चर्य वाटले. येथे येणारा कलावंत ‘मैफल केली’ असे म्हणत नाही, ‘हजेरी लाविली’ असे म्हणतो. उत्तररात्री एका गायकाने भैरवी घेतली तेव्हा आमची नात डोळे मिटून बसली होती, व वहिनींच्या हातातील जपमाळ थांबली होती.

खाँसाहेबांचा अंतही सांगण्याजोगा आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, नमाज अदा केला, दरबारी रागात ईश्वराचे नाव आळविले, आणि तेथेच प्राण सोडिला, असे सांगतात. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात ठेविला.

परतण्यापूर्वी आम्ही सर्व त्या कबरीपाशी गेलो. वहिनींनी फूल वाहिले व दोनदा नमस्कार केला. नातीने विचारिले, “दोनदा का?” त्या म्हणाल्या, “एक ह्यांना, एक ताराबाईंना. तिची समाधी कोठे शोधू?”

वाचकांनी सवडीने एकवार मिरजेस जावे, मुलाबाळांस घेऊन जावे. सकाळी सतारमेकर गल्लीत जवारी काढिताना पाहावी, दुपार टळल्यावर दर्ग्यात जावे, व घरी परतल्यावर पित्याची झिंजोटी आणि कन्येचे एखादे मराठी पद, ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. ती एकत्र ऐकिली म्हणजे त्या घराची सारी हकीकत कळते.