अनुदाना, मार्चच्या आधी ये

मुलुंड (पूर्व),
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय संशोधन-अनुदानास,


आजवर तुला जे जे लिहिलं ते ठरलेल्या नमुन्यात लिहिलं. वर विषय, खाली संदर्भ क्रमांक, शेवटी प्राचार्यांची सही आणि महाविद्यालयाचा गोल शिक्का. पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी तुझ्या वाटेकडे डोळे लावून काढली. आता निवृत्त आहे, कुठलाही अर्ज करायचा नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते. तुला 'तू' म्हणते, कारण ज्याची इतकी वाट पाहिली त्याला 'महोदय' म्हणवत नाही.

माझे वडील भांडुपच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट खात्यात होते. लाल बहादूर शास्त्री मार्गावर तेव्हा मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत टायर, रंग, औषधं, नट-बोल्ट असं काय काय बनायचं. आज तिथे टॉवर आहेत. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, तेच काम वडील मोठ्या भट्टीवर करत. लालबुंद पोलाद तेलात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग त्याला पुन्हा बेताच्या आचेवर तासन्‌तास ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ते चिवट होतं. भट्टीचा तापमापक बिघडला तरी वडील नुसत्या रंगावरून आच ओळखत. त्यांच्या डोळ्यांना जे कळत होतं ते का घडतं, हे शोधता शोधता मी घन पदार्थांच्या अभ्यासाकडे वळले. मटेरियल सायन्स हा शब्द मला फार पुढे कळला. एखादी वस्तू कशाची आहे, आतून कशी रचलेली आहे आणि म्हणून ती कशी वागते, एवढंच त्या शास्त्राला विचारायचं असतं. पण उत्तर मिळायला वेळ लागतो. पोलाद चिवट व्हायला लागतो तसा.

तू हे जाणतंस असं म्हणायचं होतं, पण 'जाणत होतंस' असं लिहावं लागतंय. आमच्या याच उपनगर जिल्ह्यात, चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बेला, ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी सुरू झाली तेव्हा तिचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. तीन वर्षांच्या आत, जानेवारी १९५९ मध्ये, अणुभट्टीत वापरता येईल इतक्या शुद्ध युरेनियम धातूची पहिली लगड ट्रॉम्बेलाच तयार झाली. होमी भाभांनी ब्रह्म प्रकाश यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून इथे आणलं होतं आणि धातूंचं सगळं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. झिर्कोनियमचं उदाहरण मला वर्गात सांगायला फार आवडायचं. निसर्गात ते एकटं सापडत नाही, हॅफनियम त्याच्यासोबत असतंच. रसायनशास्त्राच्या नजरेला ही दोघं जुळी भावंडं. ओळखू येत नाहीत इतकी सारखी. अणुभट्टीत मात्र एक न्यूट्रॉनना वाट देतं आणि दुसरं गिळून टाकतं. म्हणून इंधनाच्या नळ्या बनवायच्या तर ही जुळी वेगळी करावीच लागतात. ते कसब इथे माणसांनी हातानं शिकून घेतलं आणि त्यातून पुढे हैदराबादचं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं. त्या काळी देश गरीब होता, परकीय चलनाची चणचण होती. तरीही १९५७ साली ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल काढून दर वर्षी तरुण घडवायला सुरुवात झाली. तेव्हा यंत्रांच्या बरोबरीनं तू माणसांवर खर्च झालंस.

पवईचंही तसंच. आयआयटीचे पहिले वर्ग १९५८ मध्ये वरळीला सस्मिराच्या इमारतीत भरले, पवईच्या जागेची कोनशिला पुढच्या वर्षी मार्चमध्ये बसली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले. पण माझ्यासारख्यांची पवईशी ओळख झाली ती तिथल्या विश्लेषण-उपकरणांच्या केंद्रामुळे. सत्तरच्या दशकात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून ते सुरू झालं. ज्या महाविद्यालयाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सात जन्मांत परवडणार नाही, त्याचं सॅम्पलही तिथे फी भरून पाहिलं जाई. मुलुंडहून नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग. तिथून रिक्षानं मेन गेट. मांडीवर प्लास्टिकची डबी, डबीत सिलिका जेलच्या पुड्या आणि बोटभर रुंदीच्या काचपट्ट्या. सोलापूर, नांदेड, कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं आलेले शिक्षक तिथे भेटत. आम्ही एकमेकांचे निकाल पाहायचो, डबे वाटून खायचो. अनुदाना, तुझं सगळ्यात सुंदर रूप मी तिथे पाहिलं. एकाच्या दारात ठेवलेलं पण सगळ्यांना खुलं.

आता माझ्याकडे तू कसं आलंस ते सांगते.

झिंक ऑक्साइडचे पातळ थर काचेवर बसवायचे, हे माझं काम. झिंक ॲसिटेटचं द्रावण चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या काचेवर फवारायचं. काचेला लागताच त्याचं ऑक्साइड होतं आणि आरपार दिसणारा, थोडी वीज वाहून नेणारा थर तयार होतो. फवारणीची ही रीत आपल्याकडे महाविद्यालयांत आणि राज्य विद्यापीठांत का रुजली? निर्वात पंपांची लाखोंची यंत्रं घ्यायला तू पुरायचं नाहीस म्हणून. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर नुसत्या चंचुपात्रातल्या द्रावणात काच बुडवून थर बसवण्याच्या पद्धतीवर चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जगानं दखल घ्यावी असं काम केलं. चंचुपात्र, स्टँड, तापमापक आणि चिकाटी. थोडक्यात भागवायची ती कला मला अभिमानाची वाटते, पण तिच्याकडे बोट दाखवून कुणी 'बघा, कमी पैशात होतंच की' म्हणू लागलं तर मला राग येतो.

मला पाहायचं होतं ते एवढंच, की मुंबईच्या दमट हवेत हे थर किती टिकतात. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प पृष्ठभागाला चिकटतं तसा थराचा विद्युतरोध बदलत जातो. त्यासाठी तीन पावसाळे हवे होते. तू दोन आर्थिक वर्षं दिलीस. मंजुरीचं पत्र जुलैत आलं, पहिला हप्ता जानेवारीत, म्हणजे पहिला पावसाळा कागदावरच गेला. दुसरा हप्ता २४ मार्चला आला, आणि ३१ मार्चच्या आत तो खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत. सात दिवसांत मी एक भट्टी घेतली. भट्टी हवीच होती, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी तिच्याहून जास्त गरज दुसरीच होती.

माझ्याकडे एक मुलगी प्रोजेक्ट फेलो म्हणून काम करत होती. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली, हातात विलक्षण सफाई असलेली. काच धुण्यापासून नळीच्या टोकाचा कोन धरण्यापर्यंत सगळं तिला जमायचं. तिनं फवारलेला थर इंद्रधनुष्याचे पट्टे न दाखवता एकसारख्या रंगाचा यायचा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी. सात महिने तिला विद्यावेतन मिळालं नव्हतं. आलेला पैसा उपकरणांच्या सदरातला होता आणि या सदरातून त्या सदरात वळवायला परवानगी नव्हती. मी पगारातून थोडं देत होते, ते तिला घ्यायला लाज वाटायची. एप्रिलमध्ये तिनं एका कोचिंग क्लासची नोकरी धरली. जाताना वही माझ्या हातात दिली. प्रत्येक सॅम्पलचा क्रमांक, तारीख, आर्द्रता, सुंदर अक्षरात. त्यानंतरच्या वर्षी भट्टीचं हीटिंग एलिमेंट जळलं. दुरुस्तीसाठी सदरच नव्हतं. पैसा खर्ची पडल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, मी वेळेवर दिलं. त्यात सगळा हिशेब बरोबर होता.

त्या मुलीसारख्या मुली-मुलांसाठीच तुला हे पत्र आहे. मोठ्या संस्थांतल्या संशोधकांनी २०१८-१९ च्या सुमारास विद्यावेतनासाठी देशभर आवाज उठवला. कनिष्ठ संशोधकाची रक्कम २०१९ मध्ये ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाली, घरभाडं वेगळं. वाढ चांगलीच, पण सात महिने न आलेले ३७ हजार हे पवईत खोली घेऊन राहणाऱ्या पोराला शून्यच असतात. आणि एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं कसं जातं, तेही बघ. जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची जीएसटीचा पाच टक्क्यांचा सवलतीचा दर काढला, तो अठरा टक्के झाला. दहा लाखांच्या यंत्रामागे १ लाख ३० हजार जास्त, म्हणजे एका कनिष्ठ संशोधकाचं साडेतीन महिन्यांचं विद्यावेतन. मंजूर रक्कम तेवढीच राहिली. सरकारचा पैसा सरकारकडेच परत गेला आणि मधल्या मधे माणूस गेला.

सुधारणा झालीच नाही असं मी म्हणणार नाही. जून २०२५ मध्ये खरेदीचे नियम सैल केले. दोन लाखांपर्यंतची वस्तू कोटेशनशिवाय घेता येते, पंचवीस लाखांपर्यंत संस्थेची समिती ठरवू शकते. ज्यानं हजार रुपयांच्या क्रुसिबलसाठी तीन-तीन कोटेशनं गोळा केली आहेत त्यालाच याची किंमत कळेल. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट ठेवून. पण त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यायचा आहे. जुलै २०२५ मध्ये आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. ती मात्र खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं स्वस्त भांडवल पुरवण्यासाठी, बऱ्याच पुढे गेलेल्या तंत्रज्ञानाकरता आहे. तीही हवी. पण काचेवरचा थर का फाटला असं विचारणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलीपर्यंत ते भांडवल पोचत नाही. तिच्यापर्यंत तूच पोचू शकतंस. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा आकडा. चीनचा त्याच सुमाराचा आकडा २.४ आहे. हे अंतर बैठकांमध्ये सगळे बोलून दाखवतात. तू वेळेवर येत नाहीस हे कमी जण बोलतात, कारण पुढच्या अर्जाची भीती असते. मला ती आता नाही.

तू धीरानं थांबलंस तर काय होतं, हेही पवईतच दिसतं. २०१० मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं आयआयटीत सौर विजेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं आणि टप्प्याटप्प्यानं चालू ठेवलं. तिथल्या लोकांनी २०१३ पासून पुन्हा पुन्हा देशभर हिंडून, राजस्थानच्या उन्हातली आणि लडाखच्या थंडीतली सौर पॅनेलं तपासली. उष्ण भागातली पॅनेलं लवकर थकतात आणि छपरावरची छोटी संयंत्रं जमिनीवरच्या मोठ्यांपेक्षा जास्त खराब होतात, हे त्यातून कळलं. आज आमच्या मुलुंडच्या सोसायट्या गच्चीवर पॅनेलं बसवतात तेव्हा त्यांना हेच माहीत असायला हवं. त्याच केंद्राशी जोडलेल्या दिनेश काब्रा यांच्या गटानं सिलिकॉनच्या सौर घटावर पेरोव्हस्काइट या पदार्थाचा थर रचून ३० टक्क्यांच्या अगदी जवळ जाणारी कार्यक्षमता दाखवली. पेरोव्हस्काइटचा वैरी कोण? दमटपणा, आमचा जून ते सप्टेंबर. असा पदार्थ पवई तलावाच्या काठी टिकवायचा तर वर्षांमागून वर्षं तेच हात, तेच डोळे लागतात.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिला हप्ता मंजुरीपासून तीन महिन्यांत दे. विद्यावेतनाचे पैसे इतर सदरांपासून वेगळे ठेव आणि ते दर महिन्याला जाऊ देत, बाकीचा हिशेब अडला तरी. यंत्रासोबत पाच वर्षांची देखभाल दे, नाहीतर यंत्र देऊ नकोस. आणि पदार्थ म्हातारे होताना पाहायचे असतील तर प्रकल्प पाच वर्षांचा कर. आर्थिक वर्ष एकतीस मार्चला संपतं, गंज तेव्हा थांबत नाही.

त्या काचपट्ट्या परवापरवापर्यंत माझ्या कपाटात होत्या. बेचाळीस सॅम्पलं, तिच्या वहीसकट. मुलुंडच्या हवेत त्यांनी पंधरा पावसाळे काढले. माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेनं मागच्या महिन्यात त्यातली दोन उजेडात धरली, वही चाळली आणि म्हणाली, मॅडम, एवढा जुना डेटा कुणाकडे नसेल, आपण पुन्हा मोजू या. तिनं अर्ज केला आहे. पवईचा स्लॉट, एक विद्यार्थी, तीन वर्षं. मी डबी तिच्याकडे दिली, वहीची झेरॉक्स ठेवून घेतली.

तिचा अर्ज तुझ्यापाशी आहे. होकार असो की नकार, तिला जूनच्या आत कळव. पावसाळा सुरू व्हायच्या आत पहिलं मोजमाप व्हायला हवं.

तुझी,
मुलुंडची एक निवृत्त शिक्षिका