परताव्याच्या हंगामातली टिपणे

जुलै उजाडला की आयकर विवरणपत्रांबरोबर खोट्या ई-मेलांनाही ऊत येतो. शेजारपाजारचे लोक मेलचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, "हे खरं आहे का हो?" पंचाईत अशी की पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि लिंक कुठे नेते, या पाहायच्या दोन गोष्टी स्क्रीनशॉटमध्ये बहुधा नसतातच. दिसतं ते बोधचिन्ह, आणि ते कुणीही चिकटवतं.

*

2023 साली फिरलेला एक मेसेज मी जपून ठेवलाय. 15,490 रुपयांचा परतावा मंजूर झालाय, सोबत अर्धवट झाकलेला खाते क्रमांक, आणि तो चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर दुरुस्त करा. 'पीआयबी फॅक्ट चेक'ने तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. रचणाऱ्याच्या डोक्याला मात्र दाद द्यावी लागते. क्रमांक तुमचा नसणारच, गंमत तिथेच आहे. आपले पैसे भलत्याच्याच खात्यात जाणार या धास्तीने माणूस स्वतःहून खरा क्रमांक भरायला धावतो. धमकी नाही, दरडावणी नाही, नुसती दुरुस्तीची विनंती.

प्रत्यक्षात परतावा जमा होतो तो आयकर पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात. मेलमधून ते विचारायचं आयकर विभागाला कारणच नाही.

*

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचावा. आपल्या नावात आडनाव शेवटी येतं, तसंच इथे. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत यायचं आणि तिथून मागे वाचायचं. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-अमुक डॉट कॉम' यातलं घराणं 'रिफंड-अमुक डॉट कॉम'. आधीचं सगळं सजावट. 'गव्ह डॉट इन' फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पूर्ण पत्ता दिसतो. बोट उचलायची घाई मात्र नको.

*

ई-मेल पोचवण्याचे मूळ नियम 1982 सालचे. पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या नंतर जोडल्या गेल्या. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की त्यांचे निकाल दिसतात. तिथे 'पास' दिसलं म्हणून हुरळू नये. ज्या पत्त्याचं नाव लावलंय तिथूनच मेल आला, एवढंच त्यातून कळतं. पत्ता चोराचा स्वतःचा असेल तर तोही पास.

ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्हही तसंच. गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते काढूनच टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ 'साइट विश्वासार्ह' असा घेत.

*

अशुद्ध भाषा ही जुनी खूण. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये मांडलं होतं की थापेबाजांना उघड खोटं दिसणारा मजकूर सोयीचाच असतो. शहाणे आपोआप गळतात, उरलेल्यांवरच मेहनत करायची. आता एआयकडून सफाईदार मराठीही फुकट लिहून मिळते. व्याकरणावर विसंबायचे दिवस गेले.

*

खरी अडचण खऱ्या मेलची. आयकर कायद्याच्या कलम 143(1) ची सूचना विभागाच्या बेंगळुरूच्या केंद्राकडून येते, सोबत पीडीएफ, आणि तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन व पुढे जन्मतारीख. 'अटॅचमेंट उघडू नका' असं आपण घरोघरी शिकवतो, आणि सरकार नेमकं तेच पाठवतं. म्हणून मेलच्या तोंडावळ्यावरून निकाल देणं मी सोडून दिलंय. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जायचं. खरी नोटीस तिथे असतेच. ऑक्टोबर 2019 पासून आयकर विभागाच्या पत्रांवर 'डिन' म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. लॉगिन न करताही पोर्टलवर तो पडताळता येतो.

*

बँकांच्या बाबतीत काम थोडं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. तेही आडनावच. उजवीकडे तेवढं पाहायचं.

*

पासवर्ड देऊन बसलेल्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी बँकेला फोन करून तक्रारीचा क्रमांक घ्यायचा आणि लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा क्रमांक लावायचा. कसं फसलो याची चर्चा घरात नंतरही करता येते.