ओठ न लावता

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत कॉफीचा टंबलर हातात घेतलात, तर त्याचा काठ बाहेर वळलेला लागेल. ती शोभा नव्हे. ओठ न लावता, मान मागे टाकून धार थेट तोंडात सोडता यावी, म्हणून केलेली ती सोय. आता बहुतेक जण सरळ तोंडाला लावून पितात, पण भांड्याचा घाट तोच राहिला आहे.

सांगलीच्या आमच्या घरात आजीचा हाच दंडक होता. ‘वरून पी रे, उष्टं करू नकोस!’ तांब्यातून वरून पाणी प्यायला मी शाळेत जायच्या आधी शिकलो आणि कॉलेजच्या होस्टेलवर काचेच्या ग्लासांच्या नादात विसरूनही गेलो.

नोकरी लागली ती मद्रासला. तिरुवल्लिकेणीतच, पार्थसारथीच्या देवळाजवळ एका मॅन्शनमध्ये खोली मिळाली. नाव मॅन्शन, प्रत्यक्षात सड्या नोकरदारांची चाळ. जिन्यापाशी पाण्याचा माठ आणि सगळ्या मजल्याला मिळून एक टंबलर. उन्हातून आलो, टंबलर भरला आणि तोंडाला लावून गटागटा रिकामा केला. मागे चार-पाच जण उभे. कोणी काही बोललं नाही. एका वयस्क गृहस्थांनी टंबलर माझ्या हातातून अलगद घेतला, नळाखाली घासला, विसळला, भरला, वरून प्याले आणि निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यात आजी आठवली. येत असलेलीच गोष्ट चुकली होती.

रात्री शेजारच्या खोलीतला तिरुनेलवेलीचा मुलगा स्वतःचा टंबलर घेऊन आला आणि मला गच्चीवर घेऊन गेला. घसा उघडा ठेवायचा, गिळताना तोंड मिटायचं नाही, बस्स. माझा शर्ट भिजला, नाकात पाणी गेलं, ठसका लागला. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्यालाही ठसका लागला. तो मुद्दाम ठसकला असावा, असं मला आजही वाटतं.

1912 साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झालेले गणिती रामानुजन याच वस्तीत राहत. 1914 साली ते केंब्रिजला गेले आणि तिथल्या थंडीत ओव्हरकोट घालून, शाल पांघरून कुडकुडत झोपू लागले. पलंगावर ब्लँकेटं होती, पण ती गादीखाली खोचलेली. आत शिरून झोपायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथेच शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी ती उलगडून दाखवली. अनंत श्रेणींशी खेळणारा माणूस अंथरुणापाशी अडला, हे वाचून मला मोठा धीर आला, आणि गच्चीवरचा तो ठसकाही आठवला.

मात्र टंबलरच्या त्या काठाचं कौतुक करताना जीभ अडखळते. ओठ न लावण्यात स्वच्छता होती, तसा विटाळही होता. तमिळ खेड्यांत चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवायची चाल होती. आपल्याकडे शाळकरी भीमराव आंबेडकरांना नळाला हात लावायची मनाई. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. माझी लाज शर्ट वाळेपर्यंतची. त्या माणसांचं तर काही चुकलंच नव्हतं. हे उमगल्यापासून माझी फजिती तिखटमीठ लावून सांगणं मी सोडलं.

मद्रास सोडताना पितळी टंबलर आणि त्याच्या जोडीची खोलगट वाटी, म्हणजे दवरा, विकत घेतला; दोन्ही अजून वापरात आहेत. मुलाच्या लग्नानंतर सुनेने पहिल्याच आठवड्यात त्यातली कॉफी साडीवर सांडली. घरातले सगळे फडकं शोधत धावले. मी आपला टंबलर उचलला, मान मागे टाकली आणि थोडी माझ्याही सदऱ्यावर सांडली. वयामुळे असेल.

तिरुवल्लिकेणीला गेलात, तर 1948 पासून चालू असलेल्या रत्ना कॅफेत सांबारात बुडालेली इडली खा आणि मग कॉफी मागवा. वरून प्यायची हौस असेल, तर आधी दवऱ्यात ओतून चांगली निववा. फार गरम असते.