जाळीचं कपाट

माझ्या लेकीला चिंचिला पाळायचा आहे. मैत्रिणीच्या फोनवर तिने तो पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जागाही तिने ठरवून टाकली: "आजीचं जाळीचं कपाट रिकामंच तर आहे!" कपाट नीट बघायला ती खाली बसली, जाळीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "इथे हे तारेने शिवलेलं काय आहे?"

आई जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. त्या ठिगळाबद्दल तिच्या हयातीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

चिंचिलाचं उत्तर देणं सोपं होतं. तो अँडीज पर्वतातल्या थंड, कोरड्या उंचीवरचा प्राणी. केसांच्या एकेका मुळातून पन्नासहून अधिक केस उगवतात, इतकी त्याची लव दाट. त्या लवेपायीच माणसाने त्याला मारून मारून संपवत आणलं. १९२३ साली चॅपमन नावाच्या अमेरिकन माणसाने चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, त्यांचीच प्रजा पुढे पिंजऱ्यांमधून वाढली. पारा पंचविशीच्या वर गेला की तो कासावीस होतो. कल्याणच्या मे महिन्यात त्याला आणून ठेवणं म्हणजे हाल करणं, आणि ते मी होऊ देणार नाही. लेक रुसली. ठिगळाचं उत्तर मात्र राहून गेलं. ते लांबलचक आहे, म्हणून लिहून ठेवते आहे.

त्या कपाटात बंडू नावाचा ससा राहायचा. आम्ही तेव्हा वालधुनीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहत होतो. बाबा लोको शेडमध्ये फिटर. शेजारच्या काकांची भुसावळला बदली झाली, तिथला उन्हाळा सशाला सोसायचा नाही म्हणून ते त्याला आमच्या दारात ठेवून गेले. कपाट आईचं, सागवानी, तिच्या माहेरून आलेलं. दूध, साय, दिवाळीचा फराळ, सगळं त्यात असायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. एका रविवारी बाबांनी कुणालाही न विचारता त्यातल्या फळ्या काढायला घेतल्या. आई काही बोलली नाही. पातेली उचलून ओट्यावर नेऊन ठेवली आणि त्या दिवसापासून बंडूला नावाने हाक मारली नाही. "तुमचा ससा" म्हणायची. त्याला हात तर कधीच लावला नाही.

बाबांनी पिंजरा मात्र फार विचाराने केला. कामाला हात घालण्याआधी ते किती तरी वेळ त्या सशाकडे नुसते बघत बसायचे. सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. तारेच्या जाळीवर उभं राहून पाय सोलवटतात, म्हणून तळाला रंधा मारलेली फळी. दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला बाभळीचा ओंडका. पाण्याचं भांडं तो उलथायचा, तर घरातला जुना दगडी खल आत गेला. बाहेर बोका घिरट्या घालायचा, म्हणून कडीच्या जोडीला खिट्टी. मे महिन्यात एका बाजूला ओलं गोणपाट. पिंजरा असाच करायचा असतो, आत राहणाऱ्याला बघून. बाजारात चकचकीत पिंजरे टांगलेले दिसतात तेव्हा मला नेहमी वाटतं, हे करणाऱ्याने त्या जिवाला कधी चालताना तरी पाहिलं असेल का!

फक्त एका बाबतीत दोघांचं पटेना. ससा घाण करायला एकच कोपरा धरतो. बाबांनी उजवा, दाराजवळचा कोपरा नेमला होता, म्हणजे रोज कागद काढणं सोयीचं. बंडूला डावा, भिंतीकडचा हवा. बाबा रात्री उजवीकडे कागद घालायचे, सकाळी तो दाताने ओढून डावीकडे नेलेला. बाबांनी कागदावर पट्टी ठोकली, त्याने कागद फाडून नेला. पत्र्याचा ट्रे ठेवला, तो त्याच्या शेजारून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला. "शिस्त लागेल," असं बाबा म्हणायचे. आमच्या घरात हे वाक्य शेवटचं असे. पण एके दिवशी त्यांनी दार उतरवलं, बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या, आणि दार डावीकडे उघडेल असं बसवलं. जुन्या स्क्रूंच्या भोकांत भरलेली लांबी आजही कपाटावर दिसते.

२००५च्या जूनमध्ये ताईचा बारावीचा निकाल लागला. तिला पुण्याला, फर्ग्युसनला जायचं होतं. बाबा म्हणाले, बिर्ला कॉलेज चालत जाण्यासारखं आहे, मुलीने घर सोडून राहायचं कारण नाही. ताई रडली, भांडली, जेवली नाही. शेवटी त्या कपाटाकडे बोट करून म्हणाली, "याच्यासाठी दार फिरवलंत. माझ्यासाठी नाही." बाबांनी पेपर वर धरला. तिने बिर्लात नाव घातलं.

पुढच्याच महिन्यात २६ जुलै आला. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे पाणी आणलं वालधुनीने. अंबरनाथच्या डोंगरांकडून येणारी ही नदी पुढे खाडीला मिळते, आणि खाडीच तुडुंब असली की मागच्या पाण्याला जायला वाट राहत नाही. आमच्या घरात पाणी आधी दारातून आलं नाही, मोरीतून आलं. काळं, उलटं, फुगे काढत. बाबा शेडमध्ये होते. एरवी पायी वीस मिनिटांची वाट, पण मधे रूळ कुठे आणि गटार कुठे हे कळत नव्हतं. वीज गेली, फोन मुके झाले.

आईने आम्हाला कागदपत्रांची पिशवी आणि देव देऊन वरच्या मजल्यावर पिटाळलं. मी जिन्यात थांबले. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. बंडू आत मागच्या पायाने फळीवर धाप धाप आपटत होता. ससे भ्याले की असं करतात. आईने कडी काढली, खिट्टी काढली, दार ओढलं. लाकूड पाण्याने फुगून दार गच्च बसलं होतं. तिने चौकटीला पाय लावून ओढलं, तरी हलेना. ताई वरून ओरडत होती, "आई, सोड ते, वर ये!" आई ओट्याकडे गेली आणि खलाचा बत्ता घेऊन आली. जाळी चौकटीला जिथे ठोकलेली होती तिथे तिने घाव घालायला सुरुवात केली. चुका उखडल्या तशी दोन्ही हातांनी तार वाकवली. तारेने तिचं मनगट फाटलं. तिने आत हात घातला, बंडूला मानेवर धरलं, पदरात गुंडाळलं आणि ती पाण्यातून चालत आली.

वरच्या बिऱ्हाडात पाच-सहा कुटुंबं एका खोलीत. कुणीतरी म्हणालं, "आता जनावर कुठे ठेवायचं इथे?" आई म्हणाली, "माझ्या मांडीवर." तिच्या आवाजापुढे कुणी काही बोललं नाही. रात्रभर खाली भांडी तरंगत एकमेकांवर आपटत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, एक हात बंडूच्या पाठीवर. त्याने तिचं लुगडं ओलं केलं तरी ती हलली नाही. बाबा जिवंत आहेत की नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं आणि तिने तो विषय एकदाही काढला नाही. पहाटेच्या सुमाराला मी जागी झाले तेव्हा ती त्याच्याशी बोलत होती, अगदी हळू: "येतील रे बंड्या, येतील."

पाणी उतरल्यावर बाबा आले, डोक्यापर्यंत चिखलाने माखलेले. आईच्या मनगटाला बांधलेली चिंधी त्यांनी पाहिली. "दार फुगलं होतं," आई म्हणाली, "जाळी तोडली." बाबा खाली गेले आणि किती तरी वेळ त्या कपाटासमोर उभे राहिले. नंतर सगळं घर धुऊन झाल्यावर त्यांनी जाळी तांब्याच्या तारेने शिवली, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. दाराची कड तासून सैल केली. पण आईने ते दार पुन्हा लावू दिलं नाही. बंडू घरभर फिरायचा आणि रात्री तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी निजायचा.

तो गेला २००८च्या उन्हाळ्यात. बाबांनी त्याला क्वार्टरमागच्या कडुलिंबाखाली पुरलं. कपाट धुऊन उन्हात ठेवलं आणि फळ्या परत बसवू का म्हणून आईला विचारलं. तिने नको म्हटलं. ताईचं बी.एस्सी. त्याच वर्षी पुरं झालं होतं आणि पुणे विद्यापीठाचा फॉर्म तिने चोरून भरला होता. त्या संध्याकाळी आईने तो फॉर्म बाबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "जायचंय तिला. या वेळी दार मला तोडायला लावू नका."

बाबा चिडले, जेवण टाकून उठले, आठवडाभर धुमसत राहिले. तरी ताई पुण्याला गेली. जाताना तिच्या ट्रंकेला बाबांनी नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि झाकण कुठल्या बाजूने उघडलेलं हवं, ते आधी तिला विचारलं.