तिकीट नसलेला डोंगर

मँचेस्टरला माझ्या मावसभावाकडे उतरलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना मी म्हटले, "दादा, मला किंडर स्काउटवर जायचंय."

"तिथं काय आहे?" वहिनींनी विचारले.

"काही नाही. देऊळ नाही, किल्ला नाही. शिखरसुद्धा नाही म्हणतात."

"मग कशाला जायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपण डोंगर चढतो ते वर कोणीतरी भेटणार म्हणून. सप्तशृंगीला देवी भेटते, रायगडावर महाराजांची समाधी. अगदीच कोणी नाही तर सिंहगडावर मडक्यातले दही तरी भेटते. नुसता डोंगर म्हणून डोंगर चढायचा, ही कल्पना आपल्या घरातून अजून पुरती रुजलेली नाही. पण एका जुन्या खटल्याची हकीकत वाचल्यापासून या डोंगराने माझ्या मनात घर केले होते. तो पाहिल्याशिवाय मला पुण्याला परतायचे नव्हते.

दादा काही बोलला नाही. तो इथल्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. मँचेस्टरमध्ये त्याला चोवीस वर्षे झाली. आकाश निरभ्र असले की इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरून पूर्वेला एक काळसर आडवी रेघ दिसते. तोच किंडर, हे त्याला पहिल्याच वर्षी कोणीतरी सांगितले होते. चोवीस वर्षे तो ती रेघ बघत आला होता. गेला मात्र कधी नव्हता.

"उद्या मला सुटी आहे," शेवटी तो म्हणाला. वहिनींनी निमूटपणे थालीपिठाची भाजणी काढली.

मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणारी गाडी पाऊण तासाने ईडेलला पोहोचते. शहर मागे पडते, डोंगर जवळ येऊ लागतात आणि गाडी एका बोगद्यात शिरते. बोगदा तीन किलोमीटरांहून लांब. खंडाळ्याच्या घाटात बालपण घालवलेल्या माणसाला बोगद्याचे काय कौतुक? पण बाहेर पडल्यावर जे दिसले त्याने मी खिडकीला चिकटलो. हिरवीगार दरी, दगडावर दगड रचून घातलेले गडगे, मेंढ्या, आणि या सगळ्यावर पालथ्या परातीसारखा पसरलेला एक तपकिरी डोंगर. उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीही नाही. पण सबंध डर्बीशर परगण्यात याहून उंच जागा नाही.

गावातून निघालेली पायवाट शेतांतून जाते. पहिल्याच लाकडी फाटकापाशी दादा थांबला. पलीकडे मेंढ्या चरत होत्या, दूरवर कोणाचे तरी घर होते.

"इथून जायचं? हे कोणाचं तरी शेत आहे."

"वाट आहे ना. पाटीवर लिहिलंय."

तरी त्याचे पाऊल उचलेना. मग त्याने एक गोष्ट सांगितली. इथे आल्यावर पहिल्या वर्षी तो आणि वहिनी असेच एका टेकडीकडे फिरायला गेले होते. वहिनींच्या अंगावर साडी, हातात डब्याची पिशवी. फाटक उघडताच लांबून एक माणूस ओरडला. काय ओरडला ते दोघांनाही कळले नाही. कदाचित वाट चुकलात, एवढेच सांगत असेल. पण दोघे मुकाट्याने मागे फिरले.

"तेव्हापासून आम्ही तिकीट असलेल्या ठिकाणीच जातो," दादा हसत म्हणाला. "वाडे, संग्रहालयं, बागा. तिकीट हातात असलं की तुम्ही इथं कसे, असं कोणी विचारत नाही."

तो हसला खरा, पण मला हसू आले नाही. चोवीस वर्षे या लोकांच्या नाड्या तपासणाऱ्या माणसाला त्यांच्या डोंगरावर पाऊल टाकायला तिकीट हवे होते!

इतक्यात मागून एक वृद्ध जोडपे आले. दोघांच्या हातांत काठ्या, पाठीवर पिशव्या. आम्ही वाट अडवून उभे होतो. बाईंनी फाटक उघडून धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही शेवटचे असाल तर मागे लावून घ्या हं. मेंढ्या बाहेर पडतात." दादाने फाटक लावले. कडी बसली की नाही ते दोनदा हलवून पाहिले. मग आम्ही चालू लागलो.

दरीच्या टोकाला ओढ्यावर एक चिमुकला दगडी पूल आहे. तिथून 'जेकबची शिडी' ही दगड बसवलेली खडी चढण लागते. जेकब मार्शल नावाच्या अठराव्या शतकातल्या शेतकऱ्याने या पायऱ्या खोदल्या असे सांगतात. लादलेले घोडे वळणावळणाने वर यायचे, तोवर हा पायऱ्यांनी वर येऊन आरामात बसत असे म्हणे. आम्हीही वर येऊन बसलो. आराम मात्र नाइलाजाचा होता.

आणि मग डोंगर संपला, म्हणजे चढ संपला. समोर पसरले ते मैलोगणती पठार. किंडर लो या ठिकाणी ६३३ मीटर उंचीचा पांढरा मोजणीखांब आहे. खरी सर्वोच्च जागा त्याहून तीन मीटर उंच, पण ती आत कुठेतरी त्या सपाटीत हरवलेली. शिखर शोधावे लागणारा डोंगर मी प्रथमच पाहिला.

अशा प्रदेशाला इंग्रज 'मूर' म्हणतो. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवूनही मला नेमका शब्द सापडेना. माळ म्हणावे, तर आपला माळ कोरडा. कोकणातला सडा म्हणावे, तर सडा दगडाचा. हा भिजलेला माळ! पायाखाली माती नसते, असते ते पीट. मेलेले शेवाळ आणि गवत पाण्यात न कुजता हजारो वर्षे थरावर थर साचून त्याचा काळा, स्पंजासारखा लगदा होतो. वाळवला तर आपल्या गोवऱ्यांसारखा जळतो. वाढतो मात्र वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. वाट सोडून आम्ही थोडे आत गेलो, तर पाण्याने कोरलेला पुरुषभर खोल चर लागला. त्यात उतरून उभे राहिल्यावर डोक्यापासून पायापर्यंत हजारावर वर्षे आमच्या शेजारी काळ्या भिंतीसारखी उभी होती.

जून महिना होता. हेदरला जांभळा रंग यायला ऑगस्ट उजाडतो. तोवर ते आपले रुसल्यासारखे तपकिरी असते. पण पाणथळ जागी एक गवत फुलले होते. प्रत्येक काडीच्या टोकाला पिंजलेल्या कापसासारखा पांढरा झुबका. नावच 'कापूसगवत'. वाऱ्याने सबंध माळ एका दिशेने पांढरा होऊन वाकत होता. कर्ल्यू पक्ष्याची लांबलचक शीळ कोठून तरी येत होती, आणि वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

अचानक पायाजवळून एक पक्षी फडफडत उडाला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला. तित्तिराच्या कुळातला हा ग्राउझ. त्याची साद इंग्रजांच्या कानाला 'गो बॅक, गो बॅक' अशी ऐकू येते. मी दादाला हे सांगितले तेव्हा तो खो खो हसला. "१९२८ साली आपण मुंबईच्या धक्क्यावर सायमनला हेच सांगत होतो. आता हा आपल्याला सांगतोय!"

पुढे कड्यावरून किंडर नदी सुमारे तीस मीटर खाली उडी घेते. पश्चिमेचा वारा जोरात असला की ते पाणी खाली न पडता उलटे आकाशात उडते. आमच्या दिवशी तुषारच काय ते उडत होते. तिथे खडकाच्या आडोशाला बसून थालीपीठ खाताना मी दादाला त्या खटल्याची गोष्ट सांगितली.

हा माळ एकोणिसाव्या शतकात खाजगी मालकीत बंदिस्त झाला. कारण हाच पक्षी. वर्षातले थोडे दिवस जमीनदारांनी ग्राउझची शिकार करायची, आणि एरवीही पहारेकऱ्यांनी बाकीच्यांना हुसकायचे. खाली मँचेस्टरमध्ये धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्या कामगारांना रविवारी स्वच्छ हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे जण हेफील्ड गावाहून उघडउघड निघाले आणि बंदी मोडून वर आले. पहारेकऱ्यांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी मोजक्यांना धरले. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर चालणे हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीचे आरोप ठेवले. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

"इंग्रजांचा मिठाचा सत्याग्रहच म्हणायचा," दादा म्हणाला.

"त्याच्या आधीच्या सप्टेंबरात गांधीजी याच लँकाशरमध्ये डार्वेनला आले होते. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं, त्या गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला."

आमच्या दोघांच्या पणजोबांनी आपले मँचेस्टरचे धोतर स्वदेशीच्या होळीत टाकले, ही घरातली आवडती गोष्ट. मँचेस्टर म्हणजे आपल्याला लुटणारे, इतकेच आम्ही ऐकत वाढलो. ते कापड विणणाऱ्यालाही घरासमोरचा डोंगर बंद होता, हे कोणी सांगितले नव्हते.

पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ साली हा मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. १९६५ साली ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंतची, चारशे किलोमीटरांहून लांब पेनाइन पायवाट खुली झाली. २००० सालच्या कायद्याने अशा माळांवर मोकळे फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. २००२ साली सत्तराव्या वर्धापनदिनी डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

"आणि रॉथमनचे आईवडील मूळचे कुठले, माहीत आहे? रुमानियाचे. ज्यू. तेही बाहेरून आलेले."

दादा बराच वेळ दूर दिसणाऱ्या मँचेस्टरकडे बघत राहिला. मग एकदम उठला. त्याचे लक्ष एका उघड्या काळ्या पट्ट्याकडे गेले होते. त्यावर हेदरचे तोडलेले तुकडे पसरले होते, आणि चरांत दगडांचे छोटे बांध घातले होते.

ती या डोंगराची दुसरी कहाणी. गिरण्यांच्या धुरातल्या गंधकाने इथले पाणी धरणारे शेवाळ मारले. वणवे आणि मेंढ्यांनी उरलेसुरले साफ केले. पीट उघडे पडून वाहू लागले. डोंगर १९८२ साली नॅशनल ट्रस्टकडे आला. आता हेलिकॉप्टरने दगड व हेदर आणून टाकतात, चर अडवतात आणि शेवाळाची रोपे हाताने लावतात. दादा वाकून ते निरखत होता.

"हे ड्रेसिंग आहे," तो म्हणाला. "भाजलेल्या कातडीला आम्ही असंच करतो. चांगलं धरलंय."

जाऊनयेऊन पंधरा-सोळा किलोमीटरांची चाल झाली. उतरताना दादा पुढे होता. प्रत्येक फाटकाशी तो थांबे, मला पुढे सोडे आणि स्वतः कडी लावी. तिथे राहणाऱ्या माणसाने लावावी तशी.

घरी वहिनींनी आमचे चिखलाने माखलेले बूट दारातच काढायला लावले आणि पुन्हा विचारले, "काय होतं तिथं?"

"काही नाही," दादा म्हणाला.

ऑगस्टच्या अखेरीस त्याचा पुण्याला फोन आला. हेदर फुलले होते. तो वहिनींना घेऊन वर जाऊन आला होता. फोन मग वहिनींच्या हातात गेला. चिखल किती, वारा किती, कुठे बसायची सोय नाही, चहाची टपरी नाही, याची त्यांनी साग्रसंगीत तक्रार केली.

"म्हणजे आवडलं नाही?"

"आवडलं की," वहिनी म्हणाल्या. "येत्या रविवारी परत चाललोय."